चार लॉक आणि दोन हात

मणक्याला जबर मार बसला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, 'चालेल ना पुन्हा?' आम्हीही तोच विचारत राहिलो. उत्तर मिळालं ते थेट लग्नाच्या मांडवात!

खट्. खट्. खट्. खट्.

सकाळचे साडेसात. डोंबिवलीतला एक वन-बीएचके. पलंगाच्या कडेला बसलेला माझा मित्र एक पाय दोन्ही हातांनी उचलतो, प्लॅस्टिक आणि धातूच्या सांगाड्यात ठेवतो, वेल्क्रोचे पट्टे आवळतो. मग दुसरा पाय. मग गुडघ्याच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या कड्या खाली सरकवतो. एका पायाला दोन, म्हणजे एकूण चार लॉक. चारही बसले की पाय काठीसारखे सरळ. समोर वॉकर. हातांवर सगळा जोर, एक हिसका, आणि पाच फूट दहा इंचांचा माणूस उभा!

'एखादा लॉक बसलाच नाही तर?' मी विचारलं.

'तर तू झेलायचंस,' तो म्हणाला. 'लेख लिहितेयस ना? मग कर की रिसर्च!'

हा आमचा कॅप्टन. कॉलेजातल्या बॉक्स क्रिकेटच्या टीमपासून त्याचं हेच नाव. वय २९, आयटीत नोकरी, चहाशिवाय चालत नाही, आणि हो, जुलै २०२२ पासून पायांनी चालत नाही.

खरं सांगू? हा लेख मी वेगळाच लिहिणार होते. हेडलाइनसुद्धा ठरली होती, 'तो पुन्हा चालला!' मस्त फोटो, वाचकांच्या डोळ्यांत पाणी, शेवटी एक प्रेरणादायी ओळ, खेळ खल्लास. कॅप्टनला हेडलाइन सांगितली तर तो इतका हसला की वॉकर हलायला लागला. 'अगं, बारा पावलं टाकून मी दम खात बसतो. चालला कसलं? आणि मी रोज ऑफिसला जातो, ते तुझ्या हेडलाइनमध्ये कुठेय?'

म्हणून मग हा दुसरा लेख.

त्या दिवशी घाटात

शनिवार. पाच बाइक, दहा जण, माळशेज. असे पावसाळी वीकएंड तुम्हीही केले असतील. धुकं, भजी, शंभर फोटो. परतताना एका वळणावर कॅप्टनची बाइक घसरली आणि तो रस्त्याकडेच्या कठड्यावर पाठीवर आपटला. हेल्मेट होतं. डोक्याला साधं खरचटलंही नाही. 'माझे पाय कुठे गेले?' हे त्याचं पहिलं वाक्य. ते मी अजून विसरलेले नाही.

आम्ही काय केलं? दोघांनी त्याच्या खांद्याखाली हात घातले, दोघांनी पाय धरले, झोळीसारखं उचललं आणि मागून आलेल्या एका जीपच्या सीटवर अर्धवट दुमडून झोपवलं. पाय धरणाऱ्यांत मी होते. मणका मोडलेल्या माणसाला असं वाकवलं तर तुटलेलं हाड आतल्या मज्जारज्जूला आणखी इजा करू शकतं, हे मला नंतर कळलं. 'आमच्यामुळे झालं का हे?' मी सर्जनना विचारलं होतं. 'कुणीच सांगू शकणार नाही. ते ओझं घेऊन फिरू नका,' ते म्हणाले. मी फिरतेच आहे. म्हणून एक विनंती, शेवटची चौकट वाचल्याशिवाय पान उलटू नका.

'ए' ग्रेड

थोडं शरीरशास्त्र, कंटाळा न करता. मानेचे ७ मणके, छातीमागचे १२, कमरेचे ५ आणि त्याखाली माकडहाडाचा भाग. यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम खाली आणि शरीराच्या बातम्या वर, सगळी वाहतूक याच एका रस्त्याने. इजा जितकी वर, तितकं जास्त शरीर हातचं जातं. मानेत झाली तर हातसुद्धा. कॅप्टनची छातीच्या शेवटच्या मणक्यात, डॉक्टरांच्या भाषेत डी-१२. म्हणजे हात आणि पोटाचे स्नायू शाबूत, पाय नाहीत. ऑपरेशनमध्ये रॉड आणि स्क्रू घालून मणका पक्का केला. पण रॉडने हाड सांधतं, मज्जारज्जू नाही.

पुढचा प्रश्न, इजा पूर्ण की अपूर्ण? डॉक्टर टाचणी आणि कापूस घेऊन अंगभर तपासतात. शेवटी गुदद्वाराजवळ काही जाणवतंय का, तिथला स्नायू स्वतःहून आवळता येतोय का ते बघतात. मज्जारज्जूच्या अगदी टोकाची बातमी मेंदूपर्यंत पोचते का, याची ती परीक्षा. काही पोचत असेल तर इजा अपूर्ण. अशांपैकी बरेच जण काठी किंवा घोट्याचा साधा स्प्लिंट घेऊन पुन्हा चालू लागतात. काहीच पोचत नसेल तर कम्प्लीट, 'ए' ग्रेड. 'आयुष्यात पहिल्यांदा ए ग्रेड मिळाली, ती ही!' हे कॅप्टनचंच वाक्य.

नसांमधली बहुतेक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते. कॅप्टनचे नऊ महिने सरले. पाय होते तिथेच.

आणि पाय हा तर फक्त दिसणारा भाग! लघवी कळत नाही, म्हणून ठरावीक तासांनी स्वतःच कॅथेटर घालायचा. पोट साफ करायचं टाइमटेबल. बसून बसून कातडी फाटू नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं. सेक्सचं काय, मुलांचं काय. हे प्रश्न कुणी विचारत नाही. सगळे विचारतात ते पायांबद्दल.

घरातही एकच पालुपद, 'आधी चालू दे, मग बघू.' ऑफिसने घरून काम दे म्हटलं तर हा म्हणाला, 'चालत येईन.' बाथरूमच्या अरुंद दारातून व्हीलचेअर जात नव्हती, पण दार फोडायचं कशाला, आज ना उद्या चालणारच आहे! काकूंनी तर पाहुण्यांना दिसू नये म्हणून व्हीलचेअर गॅलरीत नेऊन वर चादर टाकली होती. मालिश झालं, काढे झाले. एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन उभं करतो म्हणाले आणि काही लाखांचा आकडा सांगितला. भारतातल्या अधिकृत नियमांनुसार मणक्याच्या इजेवर स्टेम सेल ही मान्यताप्राप्त ट्रीटमेंट नाही, ती फक्त मंजूर संशोधन-चाचणीतच देता येते. हे नशिबाने पैसे भरायच्या आधी कळलं.

आणि आम्ही मित्र? दर रविवारी ग्रुपवर एकच मेसेज, 'कॅप्टन, किती पावलं?'

कॅलिपर म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा शब्द पोलिओमुळे ठाऊक आहे. चामड्याचे पट्टे, लोखंडी सळया आणि जाड बूट. पोलिओ गेला, २०१४ मध्ये भारताला तसं प्रमाणपत्रही मिळालं. कॅलिपर मात्र राहिले. आता त्यांची गरज बरेचदा अपघातांमुळे पडते.

कॅप्टनचे कॅलिपर कसे बनले ते मी वर्कशॉपमध्ये बसून पाहिलं. आधी दोन्ही पायांना प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतला. त्या साच्यावरून पायाची हुबेहूब प्रतिकृती. तिच्यावर पॉलिप्रॉपिलीनचा तापवलेला पत्रा चढवून मांडीचं आणि पोटरीचं कवच. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गुडघ्याशी सांधा आणि कडीचं लॉक. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. वर्कशॉपमधले काका टेलरसारखे पुन्हा पुन्हा मापं घेत होते. 'टाचणीएवढी जागा टोचली तरी याला कळणार नाही. म्हणून मलाच कळलं पाहिजे,' ते म्हणाले.

मुद्दा तोच आहे. कॅलिपर काढल्यावर रोज आरशात बघून पायाचा इंच न् इंच तपासायचा. कुठे लाल वण दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर कॅलिपर बंद, आधी दुरुस्ती. शिवाय न वापरलेल्या पायांची हाडं ठिसूळ होतात, साध्या पडण्यानेही मोडू शकतात. आणि खूप दिवस आडवा असलेला माणूस एकदम उभा केला तर रक्तदाब कोसळून चक्कर येते. म्हणून सुरुवात टिल्ट टेबलवर. पट्ट्यांनी बांधून, रोज थोडं थोडं उभं करत. मग पॅरलल बार. मग वॉकर.

आणि चालणं? कॅप्टनला कंबर सावरणारे स्नायूही नाहीत. मग तो कंबर पुढे काढतो, खांदे मागे टाकतो आणि अक्षरशः स्वतःच्या सांध्यांवर टेकून उभा राहतो. पाऊल टाकताना वॉकर पुढे, हातांवर सगळं अंग उचलायचं आणि दोन्ही पाय एकदम पुढे झोकायचे. म्हणजे बारा पावलं म्हणजे बारा डिप्स! जिममधल्या मंडळींनी कल्पना करून बघावी. असं चालताना वेग आपल्या चालण्याच्या निम्म्याहूनही कमी आणि दम मात्र कितीतरी जास्त. उलट सपाट जमिनीवर व्हीलचेअर ढकलायला जवळपास आपल्या चालण्याइतकीच ताकद लागते. म्हणूनच जगभरात अनेक जण कॅलिपर शिकतात आणि काही काळाने कपाटात ठेवतात. तो काही आळस नाही, साधा हिशोब आहे.

पण म्हणून उभं राहणं फुकट नाही हं! बसून आखडलेले स्नायू ताणले जातात, बैठकीवरचा दाब सुटतो, काहींचे पायातले झटके कमी होतात. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली. ऑगस्ट २०२३. कॅप्टन घरी पहिल्यांदा उभा राहिला. काकू देव्हाऱ्याजवळ हात जोडून उभ्या, आम्ही श्वास रोखून. त्याने वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, 'आई, फ्रीजवर केवढी धूळ आहे!' काकू हसता हसता रडल्या. वर्षभर त्यांनी मुलाकडे खाली वाकून पाहिलं होतं. त्या दिवशी मान वर करावी लागली.

कुठे चालायचंय ते सांग

कॅप्टनच्या फिजिओ मॅडम भारी आहेत. त्याने पहिल्याच दिवशी 'मला चालायचंय' म्हटल्यावर त्यांनी कागद पुढे केला. 'चालायचंय हे काही सांगणं झालं नाही रे. कुठे चालायचंय ते लिही.'

बऱ्याच विचाराने तीन ओळी आल्या. एक, बाथरूम. दोन, ऑफिस. तीन, बहिणीचं लग्न.

'बाथरूमसाठी गवंडी बोलव,' मॅडम म्हणाल्या. काकूंना पटलं नाही, पण गवंडी आला. दोन दिवसांत दार रुंद झालं, उंबरा गेला, भिंतीला दांडा बसला. ज्या दारासाठी पठ्ठ्या कित्येक महिने घाम गाळणार होता, ते दोन दिवसांत! त्या दिवसापासून तो एकटा आंघोळ करतो. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी बातमी हीच, पण तिची हेडलाइन होत नाही.

ऑफिसवर मॅडमनी फुली मारली. 'तिथे व्हीलचेअरने जायचं, आणि लवकर जायचं.' कॅप्टन गप्प. 'सगळे बघतील,' तो शेवटी म्हणाला. 'बघू देत. आठवडाभर बघतील, मग डेडलाइन येईल.'

तिसऱ्या ओळीखाली मात्र त्यांनी दोनदा रेघ मारली. 'याची तयारी करू.'

मांडवात

डिसेंबर २०२४. ठाण्यातला एक हॉल. कॅप्टनसाठी शिंप्याने बाजूला वरपासून खालपर्यंत चेन असलेली ढगळ सलवार शिवली होती, आत कॅलिपर बसावेत म्हणून. प्लॅन पक्का होता. मंगलाष्टकांना बहिणीच्या मागे उभं राहायचं आणि नंतर कानपिळीला नवरदेवाचा कान उभं राहून पिळायचा.

मंगलाष्टकं सुरू झाली. खट्, खट्, खट्, खट्. तो उभा राहिला. भटजींनी लांबवलेलं एकेक कडवं मी घड्याळात मोजत होते. अकरा मिनिटं! घाम कानशिलांवरून ओघळत होता, हात थरथरत होते, पण 'सावधान'पर्यंत गडी उभा. बहिणीने मागे वळून पाहिलं तेव्हा तिची मान वर होती, नेहमीसारखी. लहानपणापासून ती त्याला तशीच बघत आलीय. ती अकरा मिनिटं त्या घराला काय देऊन गेली ते आकड्यांत सांगता येणार नाही.

मग कानपिळी. नवरदेव समोर आला, कान पुढे केला. फोटोग्राफर सज्ज. कॅप्टन पुन्हा वॉकरवर उभा. आणि सगळ्यांना एकदम कळलं की त्याला हात सोडताच येत नाहीये. उभं राहायला दोन्ही हात लागत होते! एक सोडला की तोल जात होता. त्याने दोनदा प्रयत्न केला. मांडव गप्प झाला. काकूंचा चेहरा मला बघवेना.

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. 'खुर्ची आण.'

मी व्हीलचेअर आणली. सगळ्यांसमोर, चादर वगैरे न टाकता. तो बसला, लॉक सोडले, दोन्ही हात मोकळे केले आणि नवरदेवाला म्हणाला, 'या दाजी, आता खाली वाका!' तो कान असा काही पिळला की नवरदेव खरोखर ओरडला. अंगठी ठरली होती, दाजींनी घाबरून घड्याळही दिलं. मांडव हसून हसून लोटपोट.

रात्री आवराआवर चालली असताना काकूंनी स्वतः व्हीलचेअरची चाकं पुसली. अक्षता अडकल्या होत्या त्यांत. काही बोलल्या नाहीत. ती चादर त्यानंतर मला कधी दिसली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅप्टन ऑफिसला रुजू झाला. पहिले काही दिवस सगळ्यांनी पाहिलं. मग डेडलाइन आली.

पोहत, नेम धरत, बसून

ही काही नवी अक्कल नाही. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याची इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. १९४८ मध्ये, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी १६ व्हीलचेअरवाल्यांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. २०१८ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' सिनेमा. आधी चालू दे, मग पोहू, असं म्हणत ते बसले असते तर?

मशीनही येत आहेत. मोटर लावलेला 'रीवॉक' हा बाह्य सांगाडा अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाला. तो बनवणारे इस्रायलचे अमित गोफर स्वतः अपघातात जायबंदी झालेले. त्यांच्या हातांतही पुरेशी ताकद नसल्याने त्यांना स्वतःचंच यंत्र वापरता येत नव्हतं! २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी एका रुग्णाच्या मेंदूतले संकेत थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवून त्याला चालवलं. त्याची इजा अपूर्ण होती, आणि हे अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासने २०१९ मध्ये 'अराइज' ही उभं करणारी व्हीलचेअर आणली. उद्या आणखी काही येईल. कॅप्टनला त्याची सगळी माहिती असते. 'आलं की घेऊ ना. तोपर्यंत ईएमआय कोण भरणार?'

आता पुन्हा ती सकाळ. आठ वाजायला आले. कॅप्टन अर्धा तास उभा होता. खिडकीच्या कठड्याशी टेकून त्याने एक मेल वाचला, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुत्र्याला हाक मारली. मग बसला. कड्या वर, पट्टे सैल, आरसा घेऊन पाय तपासले. कॅलिपर दारामागे उभे केले. खाली कॅब आली होती.

'किती पावलं झाली आज?' सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

'मोजली नाहीत,' तो चाकांवर हात ठेवत म्हणाला. 'चल, लिफ्ट धर.'

चौकट: हे नक्की लक्षात ठेवा

* अपघातात पाठीला किंवा मानेला मार लागला असेल, हातपाय हलत नसतील किंवा बधिर वाटत असतील, तर त्या माणसाला उचलू, बसवू, वाकवू नका. १०८ ला फोन करा. आग किंवा वाहतुकीचा धोका असेल तरच हलवा, आणि तेही डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून, फळीसारख्या सपाट वस्तूवर, चार-पाच जणांनी मिळून.
* मदत करायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवून ठेवू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तशा नियमांना बळ दिलं आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आलं.
* मणक्याच्या इजेनंतर रिहॅब लवकर सुरू करा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. सैनिकांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक सेंटर आहे.
* कॅलिपर घेण्याआधी इजा कुठल्या पातळीवर आहे, सांधे आखडलेत का, हाडं कशी आहेत, कातडीला जखम आहे का, हे डॉक्टर आणि फिजिओकडून तपासून घ्या. जुने, दुसऱ्याच्या मापाचे कॅलिपर वापरू नका.
* भेटायला जाल तेव्हा 'कधी चालणार?' विचारू नका. 'कुठे जायचंय?' विचारा. आणि त्या ठिकाणी रॅम्प आहे का, ते आधी बघून या.